लिम्फोसाइट गाठीची वाट कशी धरतो, आणि ते ट्रान्सवेलमध्ये कसं सिद्ध करायचं

उसाच्या फडात तोडलेलं बुडखं पायात घुसलं की एक-दोन दिवसात जांघेत अवधाण येतंय, हे शिरोळ-करवीरकडच्या कुठल्याही घरात विचारा, सांगतील. जखम तळपायाला आणि गाठ जांघेत. त्या गाठीत नेमकं काय भरलंय आणि ते तिथंच का आलं, हा मला इम्युनॉलॉजीतला सगळ्यात सुंदर प्रश्न वाटतो, आणि त्याच्या उत्तराचा एक तुकडा आपण इथं कोल्हापुरात, साध्या टिश्यू कल्चरच्या खोलीत, ट्रान्सवेल म्हणजे बारीक छिद्रांच्या पडद्याच्या प्लेटवर, एका दिवसात स्वतःच्या डोळ्यांनी बघू शकतो. एमएस्सीचं डिझर्टेशन करणाऱ्या आणि पीएचडीच्या पहिल्या वर्षाला असलेल्या पोरापोरींसाठी लिहितेय. तुमच्याकडं बायोसेफ्टी कॅबिनेट, सीओटू इन्क्युबेटर, सेंट्रिफ्यूज आणि एक बरा मायक्रोस्कोप असला तरी पुरे, फ्लो सायटोमीटर (पेशींवरची प्रोटीनं रंगावरून मोजणारं यंत्र) मिळाला तर चांगलंच, नाही मिळाला तरी अडत नाही.

एक गोष्ट मात्र पहिल्यापासून डोक्यात पक्की ठेवा: पेशी जास्त हलायला लागली ही एक गोष्ट, आणि पेशी एका दिशेनं गेली ही दुसरी. भूक लागलेला माणूस नुसताच झपाझप फिरायला लागला तरी कधी ना कधी मिसळीच्या दुकानासमोर पोचेलच, पण कटाचा वास घेत घेत, वळत वळत तिथं पोचणं वेगळं. पहिल्याला केमोकायनेसिस म्हणतात, दुसऱ्याला केमोटॅक्सिस. कितीतरी डिझर्टेशनमध्ये पहिलं मोजून दुसऱ्याचा दावा केलेला असतो. खाली जी जोडणी सांगतेय ती सगळी या दोन गोष्टी वेगळ्या करण्यासाठी आहे.

आधी शरीरातला खरा रस्ता

कुठल्याही क्षणी शरीरातले साधारण २ टक्केच लिम्फोसाइट, म्हणजे टी आणि बी पेशी ज्यात येतात त्या पांढऱ्या पेशी, रक्तात असतात, बाकीचे गाठी, प्लीहा, आतडं, अस्थिमज्जा इथं. एका ठरावीक जंतूला ओळखणारी कोरी, म्हणजे अजून जंतू न भेटलेली, टी पेशी लाखात एक, कधी दहा लाखांत एक. जंतू अंगठ्यातून आत आला तर ती एक पेशी तिथं आधीपासून हजर असण्याची शक्यता जवळपास शून्य. म्हणून त्या सतत फेऱ्या मारतात, रक्तातून गाठीत, गाठीतून लसिकेत (लिम्फमध्ये), तिथून परत रक्तात. हे फिरणं जेम्स गॉवन्स यांनी ऑक्सफर्डमध्ये १९५० च्या दशकाच्या शेवटी उंदरांमध्ये दाखवलं, आणि १९६४ मध्ये नाइट यांच्यासोबत या पेशी गाठीतल्या कुठल्या रक्तवाहिनीतून आत शिरतात तेही दाखवलं. त्या वाहिन्यांना हाय एंडोथेलियल व्हेन्यूल म्हणतात, थोडक्यात एचईव्ही. त्यांच्या भिंतीच्या पेशी चपट्या नसतात, चांगल्या फुगीर असतात.

आता नीट बघा, इथं क्रम महत्त्वाचा आहे. रक्ताच्या धारेत वाहणारी टी पेशी आधी एल-सिलेक्टिन या पकडणाऱ्या प्रोटीननं भिंतीवरच्या सल्फेट लागलेल्या साखरेच्या साखळ्यांना धरते-सोडते, धरते-सोडते, त्यामुळं ती भिंतीवरून घरंगळत राहते आणि तिचा वेग पडतो. घरंगळताना तिच्या सीसीआर७ रिसेप्टरला (निरोप घेणाऱ्या प्रोटीनला) भिंतीवर चिकटलेला सीसीएल२१ लागतो, हा एक केमोकाइन, म्हणजे पेशींना बोलावणारं छोटं प्रोटीन. चिकटलेला हा शब्द मुद्दाम वापरलाय. हा केमोकाइन रक्तात मोकळा सुटलेला असता तर धारेबरोबर केव्हाच वाहून गेला असता, पण त्याची शेपटी धन भाराची असते आणि भिंतीवरचं हेपरान सल्फेट ऋण भाराचं, म्हणून तो तिथंच बसून राहतो. सीसीआर७ आतून जीआय प्रोटीन (निरोप पुढं नेणारं) चालू करतं, क्षणार्धात एलएफए-१ या इंटिग्रिनचा (चिकटवणाऱ्या प्रोटीनचा) आकार बदलतो, ते भिंतीवरच्या आयसीएएम-१ ला घट्ट धरतं आणि पेशी थांबते. मग ती भिंतीवरून थोडी सरपटते आणि आत घुसते.

तिन्ही गोष्टी लागतात, एकही सुटून चालत नाही. न्यूट्रोफिल या दुसऱ्या जातीच्या पांढऱ्या पेशीकडं एल-सिलेक्टिन आहे, एलएफए-१ आहे, पण सीसीआर७ नाही, त्यामुळं एरवी तो एचईव्हीवर घरंगळतो पण थांबत नाही, निघून जातो. १९९९ मध्ये सीसीआर७ चा जीन काढून टाकलेले उंदीर तयार झाले, त्यांच्या गाठींमध्ये कोऱ्या टी पेशी फार कमी पोचत होत्या आणि डेंड्रायटिक पेशी (जंतूचे तुकडे गाठीत आणून दाखवणाऱ्या) पण नीट येत नव्हत्या. आणि माणसातलं उदाहरण हवं असेल तर डांग्या खोकला बघा. त्या जंतूचं विष, पर्टुसिस टॉक्सिन, हेच जीआय प्रोटीन बंद पाडतं. केमोकाइनचा निरोप आत पोचतच नाही, लिम्फोसाइट गाठीत शिरू शकत नाहीत आणि रक्तात साचत राहतात, आणि गंभीर आजारी तान्ह्या बाळांमध्ये पांढऱ्या पेशी मायक्रोलिटरला एक लाखाच्या पुढंही जातात. हे टॉक्सिन आपल्याला खाली कंट्रोल म्हणून लागणार आहे, म्हणून लक्षात ठेवा.

आत शिरल्यावरही वाट संपत नाही. टी पेशींच्या भागातल्या जाळीदार स्ट्रोमा पेशी सीसीएल१९ आणि सीसीएल२१ बनवतात, तिकडं टी पेशी राहतात. बी पेशींकडं सीएक्ससीआर५ असतो, त्या सीएक्ससीएल१३ या केमोकाइनच्या मागं फॉलिकलमध्ये, म्हणजे गाठीतल्या बी पेशींच्या भागात जातात. २००२ मध्ये टू-फोटॉन मायक्रोस्कोपीनं जिवंत गाठीत बघितलं तेव्हा टी पेशी मिनिटाला १० ते १२ मायक्रॉन आणि बी पेशी साधारण ६ मायक्रॉन वेगानं फिरताना दिसल्या, आणि बऱ्याचशा टी पेशी सरळ रेषेत कुठं जात नव्हत्या, भटकत होत्या. म्हणजे गाठीच्या आत केमोकाइनचं एक काम पेशींना हलतं ठेवण्याचंही आहे. दिशा आणि हालचाल वेगळी मोजा म्हणते ते याच्यासाठी.

बाहेर पडायचा संकेत वेगळा, स्फिंगोसिन-१-फॉस्फेट, एस१पी. रक्तात आणि लसिकेत तो भरपूर, गाठीच्या आत लायेज एन्झाइम तो तोडत राहतं म्हणून कमी. टी पेशीवर त्याचा रिसेप्टर एस१पीआर१ पुन्हा वर आला की ती अर्ध्या-एक दिवसात बाहेरची वाट धरते. आता अवधाणाकडं बघा. जखमेतल्या डेंड्रायटिक पेशी जंतूचे तुकडे घेऊन जाग्या होतात, त्यांच्यावर सीसीआर७ चढतो, त्या सीसीएल२१ च्या मागानं लसिकावाहिनीत शिरून जांघेतल्या गाठीत येतात, गाठीकडं रक्त वाढतं, जास्त लिम्फोसाइट आत येतात, आणि त्याच वेळी सीडी६९ नावाचं प्रोटीन वर येऊन एस१पीआर१ ला पेशीच्या आत ओढून घेतं, म्हणजे बाहेर जायचं दार काही काळ बंद. आवक वाढली, जावक थांबली, गाठ फुगली.

सामान मागवण्याआधी

यातला केमोकाइनचा तुकडा आपण ट्रान्सवेलमध्ये बघणार. मूळ कल्पना स्टीफन बॉयडन यांची, १९६२ ची, आपलं शिवाजी विद्यापीठ सुरू झालं त्याच वर्षीची. बारीक छिद्रांचा पडदा, वर पेशी, खाली केमोकाइन, आणि ठरावीक वेळात किती पेशी पडदा ओलांडून खाली आल्या ते मोजायचं.

पहिलं काम परवानगीचं. माणसाचं रक्त वापरणार असाल तर संस्थेच्या एथिक्स कमिटीची मंजुरी आणि दात्याची लेखी संमती लागतेच, लॅबमधल्या मित्राचं रक्त पटकन काढून चालत नाही. कमिटीची बैठक रोज नसते, म्हणून हा अर्ज विषय ठरला त्याच आठवड्यात टाका. ते जमणारं नसेल तर जर्कट सेल लाइन (लॅबमध्ये वाढत राहणाऱ्या टी पेशी) घ्या, पुण्याच्या एनसीसीएसच्या (नॅशनल सेंटर फॉर सेल सायन्स) रिपॉझिटरीतून मिळते, तिच्यावर सीएक्ससीआर४ हा रिसेप्टर असतो आणि ती सीएक्ससीएल१२ या त्याच्या केमोकाइनकडं चांगली जाते. सीसीआर७ चा प्रश्न तिच्यावर सुटणार नाही, पण तंत्रावर हात बसवायला माझ्या मते सुरुवात तिच्यावरच करावी.

दुसरं मागणीचं. रिकॉम्बिनंट (लॅबमध्ये बनवलेलं) केमोकाइन बर्फात पॅक होऊन येतं. जुलै-ऑगस्टमध्ये पंचगंगेला पूर आला आणि शिरोलीजवळ हायवे बंद पडला, २०१९ ला आणि २०२१ ला पडला तसा, तर पुण्या-मुंबईहून निघालेला तुमचा बॉक्स वाटेत अडकून बर्फ संपतो. जूनच्या आत मागवून ठेवा नाहीतर सरळ सप्टेंबर उजाडू दे. पावसाळ्यात इन्क्युबेटरमध्ये बुरशी पण लवकर धरते, पाण्याचा ट्रे दर आठवड्याला बदला, पाणी निर्जंतुक घाला.

इन्सर्ट, म्हणजे वेलमध्ये (प्लेटच्या खळग्यात) बसणारी पडद्याच्या तळाची छोटी वाटी, घेताना छिद्राचा आकार बघून घ्या, चूक इथं सहज होते. लिम्फोसाइटसाठी ५ मायक्रॉन, पॉलिकार्बोनेट पडदा, २४ वेल प्लेटमध्ये बसणारा ६.५ मिलिमीटरचा. ८ मायक्रॉनचे इन्सर्ट कॅन्सर सेलवाल्या लॅबमध्ये पडून असतात आणि ते मोह पाडतात, पण त्यातून लिम्फोसाइट नुसते वजनानं खाली पडतात आणि तुमचा ब्लँकच (केमोकाइन नसलेल्या वेलचा आकडा) वर जातो. एका प्लेटसोबत सहसा १२ इन्सर्ट येतात, आपल्याला १८ लागणार, त्या हिशेबानं मागवा.

केमोकाइन आल्यावर कुपी उघडण्याआधी सेंट्रिफ्यूजमध्ये एक झटका द्या, पावडर झाकणाला चिकटलेली असते. डेटाशीटमध्ये सांगितलेल्या द्रावणात विरघळवा, ०.१ टक्का बीएसए (गायीच्या रक्तातलं अल्ब्युमिन) घाला, कारण हे प्रोटीन प्लॅस्टिकला चिकटतं आणि नुसत्या बफरमध्ये ठेवलं तर निम्मं ट्यूबच्या भिंतीवरच राहील. मग छोटे छोटे अ‍ॅलिक्वॉट करून उणे ८० ला, एकदा वितळवलेला परत गोठवायचा नाही.

मायग्रेशनचं मीडियम म्हणजे आरपीएमआय १६४० मध्ये ०.५ टक्का बीएसए. इथं एफबीएस (वासराच्या रक्ताचं सीरम) घालायचा नाही. सीरममध्ये एस१पी असतं, आणखी बरंच काही असतं, ते स्वतःच पेशींना ओढतं किंवा बधिर करतं, मग तुम्ही काय मोजलं ते तुम्हालाच कळणार नाही.

प्रयोगाचा दिवस

सकाळी २० ते २५ मिली रक्त, ईडीटीए ट्यूबमध्ये. हेपरिन चालतं असं बरेच जण म्हणतील, पण वर सांगितलं तसं केमोकाइन असल्या साखळ्यांना चिकटतात, मग विषाची परीक्षा कशाला. रक्तात तेवढंच पीबीएस मिसळा. १५ मिलीच्या ट्यूबमध्ये ४ मिली फायकॉल (घनतेनुसार पेशी वेगळ्या करणारं द्रावण), घनता १.०७७, त्यावर ८ मिली रक्त भिंतीवरून अगदी हळू सोडा, थर मिसळता कामा नयेत. मग सेंट्रिफ्यूज ४०० जी, ३० मिनिटं, २० अंश, ब्रेक बंद. फायकॉल फ्रिजमधून काढून लगेच वापरू नका, आणि एप्रिल-मेमध्ये खोली तापलेली असते तेव्हा तापमान धरणारा सेंट्रिफ्यूज शोधा, घनता तापमानानं बदलते आणि कडं नीट बसत नाही.

मधलं पांढरट कडं, ज्यात लिम्फोसाइट आणि मोनोसाइट असतात, ते काढा, धुवा, आणि दुसरं धुणं हळू, २०० जी ला १० मिनिटं. हळू अशासाठी की प्लेटलेट वर राहून निघून जावेत. प्लेटलेटमधून एस१पी आणि स्वतःचे केमोकाइन सुटतात आणि ते सगळा खेळ बिघडवतात. रक्ताच्या एका मिलीमागं साधारण दहा लाख पेशी मिळतात, थोड्या कमी-जास्त. मग त्या पेशी मायग्रेशन मीडियममध्ये घेऊन कल्चर डिशमध्ये ३७ अंशाला एक तास ठेवा. एका तासात दोन कामं होतात, मोनोसाइट डिशला चिकटून बाजूला होतात, आणि या सगळ्या धुण्या-फिरवण्यात आत गेलेले रिसेप्टर परत वर येतात. घाईत हा तास कापू नका. तरंगणाऱ्या पेशी गोळा करा, ट्रिपॅन ब्लूनं (हा मेलेल्या पेशींनाच रंगवतो) मोजा, ९५ टक्क्यांच्या वर जिवंत असाव्यात, आणि मिलीला ५० लाख या हिशेबानं पातळ करा. त्यातल्या एक तृतीयांश पेशींना वेगळ्या ट्यूबमध्ये १०० नॅनोग्रॅम प्रति मिली पर्टुसिस टॉक्सिन लावून दीड-दोन तास ३७ अंशाला ठेवा, बाकीच्यांना तेवढाच वेळ टॉक्सिनशिवाय. हे खरं विष आहे, हातमोज्याशिवाय हात लावू नका.

गोठवून ठेवलेल्या पेशी वापरायचा विचार असेल तर मी नको म्हणेन. गोठवून वितळवताना एल-सिलेक्टिन गळतं, आणि फ्लोवर कोऱ्या पेशी शोधताना गोंधळ होतो.

आता प्लेटची मांडणी. सहा अवस्था, प्रत्येकी तीन वेल. पहिली, वर-खाली दोन्हीकडं नुसतं मीडियम. दुसरी, केमोकाइन फक्त खाली. तिसरी, वर आणि खाली सारखंच केमोकाइन. चौथी, फक्त वर. पाचवी, टॉक्सिन लावलेल्या पेशी आणि खाली केमोकाइन. सहावी, टॉक्सिन लावलेल्या पेशी आणि खाली काहीच नाही. शिवाय तीन वेलमध्ये इन्सर्ट न लावता ५ लाख पेशी थेट खाली टाका, ते तुमचे शंभर टक्के. किती केमोकाइन? सीएक्ससीएल१२ ला १०० नॅनोग्रॅम प्रति मिलीपासून सुरुवात करा, सीसीएल२१ ला सहसा जास्त लागतं. आधी एका दिवशी १०, ५०, १००, २५०, ५०० असा नुसता डोस काढून घ्या, कारण वक्र घंटेसारखा येतो, फार टाकलं की पेशी उलट कमी जातात. खूप केमोकाइन असलं की पडदा ओलांडायच्या आधीच सगळे रिसेप्टर भरून जातात, फरक जाणवायला शिल्लक राहत नाही.

खालच्या वेलमध्ये ६०० मायक्रोलिटर, आधी ३७ अंशाला गरम केलेलं. इन्सर्ट थोडा तिरका धरून सोडा, पडद्याखाली बुडबुडा अडकला तर तेवढ्या भागातून एक पेशी खाली जात नाही आणि वरून ते दिसतही नाही, प्लेट उचलून खालून बघा. वर १०० मायक्रोलिटर पेशी, म्हणजे ५ लाख. मग ३७ अंश, ५ टक्के सीओटू, ३ तास. या ३ तासांत इन्क्युबेटरचं दार कुणालाही उघडू देऊ नका, कागद चिकटवा दारावर. पडद्याच्या दोन बाजूंतला फरक हाच तुमचा प्रयोग, प्लेट हलली की तो मिसळून जातो. आणि लाइट जायची सवय असलेल्या इमारतीत इन्क्युबेटर यूपीएसवर आहे ना ते आदल्या दिवशी बघा.

३ तासांनी इन्सर्ट उचलताना त्याचा तळ वेलच्या कडेला हलकेच टेकवा, लटकलेला थेंब खाली येऊ दे. खालचं सगळं गोळा करा, एकदा धुऊन तेही त्यात घाला, ३०० जी ला खाली बसवा आणि बरोबर १०० मायक्रोलिटरमध्ये घ्या. ट्रिपॅन ब्लू निम्मं-निम्मं, आणि न्यूबॉअर चेंबर, म्हणजे पेशी मोजायची चौकोनांची काच.

आकडे

हिशेब उदाहरणानं सांगते. समजा केमोकाइन खाली असलेल्या वेलमध्ये एका मोठ्या चौकोनात सरासरी ५० पेशी आल्या. ५० गुणिले १०,००० गुणिले २, म्हणजे मिलीला १० लाख, आपल्याकडं ०.१ मिली, म्हणून १ लाख पेशी. टाकल्या होत्या ५ लाख, म्हणजे २० टक्के. ब्लँकमध्ये सरासरी ८, म्हणजे १६,००० पेशी, ३.२ टक्के. मायग्रेशन इंडेक्स, म्हणजे २० भागिले ३.२, ६.२५. आता ब्लँकचे चारच चौकोन मोजलेत तर हातात ३२ पेशी आल्या, त्यातली नुसती मोजण्यातली चूकच १८ टक्क्यांच्या आसपास जाते, आणि इंडेक्समध्ये ब्लँक छेदात असतो. म्हणून ब्लँकचे नऊच्या नऊ चौकोन मोजा, चेंबरच्या दोन्ही बाजू मोजा. लोक केमोकाइनची वेल जीव लावून मोजतात आणि ब्लँक उरकून टाकतात, व्हायला पाहिजे उलटं.

आता खरी गोष्ट. दुसऱ्या अवस्थेत २० टक्के आले आणि तिसऱ्यात, जिथं वर-खाली सारखंच आहे, तिथंही १८ आले, तर पेशी नुसत्या चेकाळल्यात, दिशा नाही. तिसऱ्यात ५-६ टक्क्यांवर आले तर दिशा आहे असं म्हणायला जागा आहे. पण लगेच म्हणू नका, कारण वर केमोकाइन असलं की रिसेप्टर आत ओढले जातात, सीसीएल१९ नं तर सीसीएल२१ पेक्षा बरेच जास्त, आणि मग पेशी बधिर झाल्या म्हणून गेल्या नाहीत की दिशा नव्हती म्हणून, हा प्रश्न उरतो. त्याच्यासाठी चौथी अवस्था. फक्त वर केमोकाइन असताना ब्लँकपेक्षा थोड्या तरी जास्त पेशी खाली आल्या तर त्या बधिर नव्हत्या, हलत होत्या. आणि पाचवीत आकडा सहावीच्या बरोबरीला आला तर जे काही झालं ते जीआय मार्गानं झालं. या सगळ्याची उत्तरं एका बाजूला लागली तरच प्रबंधात केमोटॅक्सिस लिहा, नाहीतर सरळ मायग्रेशन लिहा, परीक्षकांनाही ते प्रामाणिक वाटतं. आणि दात्यादात्यात फरक खूप पडतो, म्हणून एकाच दात्याच्या तीन वेलना तीन प्रयोग समजू नका, वेगवेगळे दाते घ्या आणि प्रत्येकाची त्याच्या स्वतःच्या ब्लँकशी तुलना करा.

फ्लो मिळाला तर खाली आलेल्या पेशींना सीडी३, सीडी४५आरए आणि सीसीआर७ च्या रंगीत अँटिबॉडी लावा. सीसीएल२१ कडं गेलेल्यांमध्ये कोऱ्या आणि सेंट्रल मेमरी पेशी जास्त दिसायला हव्यात, इफेक्टर मेमरी मागं राहिलेल्या, कारण त्यांच्यावर सीसीआर७ नसतो. मात्र केमोकाइननं सीसीआर७ आत गेलेला असू शकतो, म्हणून सुरुवातीच्या पेशींचाही एक नमुना रंगवून ठेवा. वापरलेलं सगळं रक्त आणि मीडियम १ टक्का हायपोक्लोराइटमध्ये अर्धा तास, मगच पुढं.

इथून पुढं

ट्रान्सवेलमध्ये रक्ताची धार नाही, भिंत नाही, केमोकाइन चिकटलेला नसून मोकळा आहे. म्हणजे वरच्या रस्त्यातला घरंगळण्याचा आणि थांबण्याचा भाग इथं दिसत नाही, फक्त केमोकाइन ऐकून चालण्याचा दिसतो, आणि चर्चेच्या प्रकरणात हे स्पष्ट लिहा. पडद्यावर आधी आयसीएएम-१ चा थर दिला तर इंटिग्रिनचा वाटा थोडा कळतो.

मला स्वतःला जास्त ओढ दुसऱ्या प्रयोगाची आहे, बाहेर जायच्या वाटेची. तीच प्लेट, तेच इन्सर्ट, खाली केमोकाइनच्या जागी १० नॅनोमोलरच्या आसपास एस१पी. फक्त बीएसए फॅटी अ‍ॅसिड काढलेला घ्या, आणि पेशींना एस१पी नसलेल्या मीडियममध्ये दोन-तीन तास जास्त विसावा द्या, कारण रक्तातल्या एस१पीमुळं त्यांचा एस१पीआर१ आत दडलेला असतो. थोड्या पेशींना आधी काही तास फिंगोलिमोडचं फॉस्फेट रूप लावा. मल्टिपल स्क्लेरोसिससाठी अमेरिकेत २०१० मध्ये मंजूर झालेलं हे औषध, ते एस१पीआर१ ला पेशीच्या पृष्ठभागावरून काढून टाकतं. त्या पेशी एस१पीकडं जाणार नाहीत, आणि त्याच पेशी शेजारच्या वेलमध्ये सीसीएल२१ कडं मात्र जायला हव्यात.